अर्धा मजला खाली

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच टाकून द्यावंसं वाटलं असेल. फोडलंस, बरं केलंस. दुसरा रस्ता तू ठेवला नाहीस म्हणून टपाल. माझा नंबर तू ब्लॉक केलास. मग तुझ्या दाजींच्या फोनवरून लावला, कामावरच्या फोनवरून लावला, तू उचलला नाहीस. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे लहानपणी तुला मीच दटावून शिकवलं होतं, आता तक्रार कुणाकडे करू? ईमेल केला तो तुझ्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावरून परत आला. घराचा पत्ता तेवढा तू पाठवलेल्या पार्सलच्या खोक्यावर मिळाला. खोकी जमवायच्या माझ्या खोडीला तू हसायचीस.

मुद्द्याचं लिहिते. तुझा शेवटचा मेसेज मला पाठ आहे. "दर रविवारी फोन लावते, दर रविवारी बंद. बाबांना माझ्याशी बोलायचं नसेल तर नको. आता नाही लावणार. आणि तू मध्ये पडू नकोस." तर मी मध्ये पडतेय.

बाबा फोन बंद करत नाहीत. लॅबमधून सुटले की रोज मी त्यांच्याकडे होऊनच घरी जाते, मी बघते ना. आई गेल्यावर तू इथून निघताना स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिलास, तो फळीवर मऊ फडक्यावर ठेवलेला असतो, चार्जर शेजारीच. बाहेर म्हणून नेत नाहीत. "पडला-बिडला तर? तिच्या हातचा आहे." रोज सकाळी पुसतात, लिफ्टच्या मोटारी पुसायचे तसा, कडेकडेने. त्यावरचं घड्याळ तुझ्याकडचीच वेळ दाखवतं. मी बदलून देऊ का म्हटलं तर नको म्हणाले. परवा मी ताट वाढत होते, तर फळीकडे बघून म्हणाले, "उठली असेल आता." कोण, ते मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी फळीकडे तोंड करून बसतात. हातात काहीतरी असतं, एखादा पाना, जुनी बेअरिंग. मी एकदा विचारलं, आला होता का तिचा फोन? म्हणाले, "कामं असतात तिला."

तुझ्या मनात राग आहे हे मला समजतं. आईच्या आजाराचं तुला फार उशिरा कळवलं गेलं. 'उगाच तिला तिकडे काळजी नको' हा बाबांचा निर्णय, आणि तू पोचलीस तेव्हा घरात भेटायला आलेल्या लोकांच्या चपला होत्या, आई नव्हती. तू जाताना म्हणालीस, "इथून पुढे जे काही असेल ते बाबा, तुम्ही स्वतः मला सांगायचं. ताईमार्फत नाही." मी तिथेच आईच्या साड्यांच्या घड्या घालत होते. असो.

बाबा बरे आहेत. घसा जरा बसलाय, थंडी आहे ना. गुळण्या चालू आहेत.

कळव.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, दोन ओळी. "बंद नसतो तर लागत का नाही? मी वेडी नाही."

तू वेडी नाहीस. मीच वेडी. तुझ्या दोन ओळी वाचल्या आणि लक्षात आलं की बाबांच्या त्या फोनवर मी स्वतः कधी फोन लावलेलाच नाही. रोज जाते, लावू कशाला? आणि बाबांना दुसरं कोण फोन करणार? इमारतीतल्या लोकांना लिफ्टचं काही काम असलं की ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून हाक मारतात, अजूनही. निवृत्त झालेत हे कुणी मनावर घेतलेलं नाही, बाबांनीसुद्धा नाही.

तर मी लॅबमधूनच लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. माझ्यासमोर टेबलावर कवळ्यांसाठी आलेली प्लास्टरची सात तोंडं दात विचकून बसली होती. त्यांच्यासमोर अगदी ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी फोन बाबांकडून मागून घेतला. दिला, पण फडक्यासकट. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे नेला. हा मोबाईलवाला म्हणजे तोंडात सतत काडी, आणि गिऱ्हाईकाचं ऐकायच्या आधी त्याचं उत्तर तयार.

"सिम म्हातारं झालंय, मॅडम."

"सिम म्हातारं होतं?"

"माणूस होतो, सिम का नाही होणार?"

नवीन सिम घातलं, नंबर तोच ठेवला. त्याच्या काउंटरवर मी माझ्या फोनवरून लावला, खणखणीत वाजला. आनंदाने घरी आणला, फळीवर ठेवला, बाहेर जाऊन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

दोन दिवसांनी परत गेले. आता म्हणाला, बॅटरी. बॅटरी बदलली. काउंटरवर वाजला, घरी नाही. तिसऱ्यांदा गेले तर म्हणाला, "मॅडम, इथे तर वाजतो. तुमच्या घराची वास्तू बघून घ्या." आणि स्क्रीनवर लावायची काच गळ्यात मारली. मी घेतली. का घेतली, विचारू नकोस.

तू इथे असताना फोन माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर तपासला होतास, आठवतं? तेव्हा छान चार काड्या होत्या. नंतर तो खाली बाबांकडे गेला. मी याचा छडा लावते. तोवर एवढं धरून चाल की फोन कुणी मुद्दाम बंद केलेला नाही.

बाबांचा घसा तसाच आहे. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून बघितलं. काळजीचं काही नाही. मी या महिन्याअखेरीस थोडी रजा टाकली आहे, बऱ्याच दिवसांत घेतली नव्हती म्हणून.

ताई


१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय. नीट बसून वाच. दोन गोष्टी आहेत, आधी सोपी सांगते.

आज लॅबला जायच्या आधी पुन्हा मोबाईलवाल्याकडे गेले. भांडायलाच गेले होते. फोन त्याच्या काउंटरवर ठेवला आणि तो दोन मिनिटांत टुण्ण वाजला. कंपनीचा मेसेज. तुम्ही उपलब्ध नसताना या नंबरवरून फोन आला होता. खाली तुझा नंबर. कालची तारीख. रविवार, दुपारी चार.

मी मोबाईलवाल्याला विचारलं, असे मेसेज आधी का नाही आले? तो म्हणाला, कंपनी दोन दिवस वाट बघते, फोन नेटवर्कमध्ये आला नाही तर मेसेज टाकून देते. याआधी मी नेला तो बुधवारी, शुक्रवारी. आज पहिल्यांदाच सोमवारी नेला.

म्हणजे तू लावतेस. 'आता नाही लावणार' असं लिहिल्यानंतरही दर रविवारी लावतेस. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत उभी राहिले. मोबाईलवाल्याने तोंडातली काडी काढली आणि स्टूल पुढे केलं. "बसा मॅडम. आता बघतोच याच्याकडे." इतके दिवस काय करत होतास, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

त्याने तुझ्या फोनचा पूर्ण मॉडेल नंबर काढला, कंपनीच्या साइटवर टाकला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. एकच फोन, एकच नाव, एकच रंग, पण वेगवेगळ्या देशांत विकायला आतून वेगवेगळा बनवतात. प्रत्येक देशातल्या मोबाईल कंपन्या वेगवेगळ्या बँडवर चालतात, म्हणजे त्यांच्या लहरींचे पट्टे वेगळे. तुझा फोन तुझ्या देशातले पट्टे पकडायला बनवलेला आहे. इथल्या आपल्या कंपनीचे दोन पट्टे आहेत. वरचा रस्त्यावर, उघड्यावर, वरच्या मजल्यांवर चालतो. खालचा जाड भिंतीतून, जमिनीखालच्या खोल्यांतूनही जातो. तुझ्या फोनला वरचा पकडता येतो, खालचा येतच नाही.

"शेजाऱ्याने गाणं लावलं की आपल्याला काय ऐकू येतं?" मोबाईलवाला म्हणाला. "नुसतं धम धम. गाणारी बाई भिंतीतच अडकते. तुमचा फोन फक्त बाईचा आवाज ऐकतो."

पूर्वीचं जुनं नेटवर्क असतं तर कदाचित त्यावर चालला असता, ते कंपनीने बंद केलं.

आणि आपलं घर तर तुला माहीत आहे. रस्त्यापासून अर्धा मजला खाली, एका अंगाला लिफ्टचा खड्डा, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी, मध्ये हातभर जाडीचं काँक्रीट. फोन दाराबाहेर नेला असता, नुसता फाटकापर्यंत नेला असता, तरी वाजला असता. बाबांनी नेला नाही. पडेल म्हणून.

ही सोपी गोष्ट झाली.

दुसरी. बाबांच्या घशात गाठ आहे. कॅन्सर आहे. नळी घालून बघितलं त्यानंतर तुकडा तपासायला पाठवला होता, तो अहवाल मागचं पत्र लिहिताना माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय पण आटोक्यात आहे. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. श्वासासाठी गळ्याला पुढून छिद्र ठेवतील. जगतील, जेवतील, हिंडतील-फिरतील. बोलता येणार नाही. पुढे शिकून यंत्राच्या मदतीने काही शब्द काढता येतात म्हणतात, पण तो आवाज त्यांचा नसेल. शस्त्रक्रिया मंगळवारी, २४ तारखेला आहे.

आज संध्याकाळी मी बाबांना फोनचं सांगितलं. तुझा काल फोन येऊन गेला हेही. त्यांनी फळीवरचं फडकं सरळ केलं. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"काय सांगू नको? फोनचं की घशाचं?"

"दोन्ही."

"फोनचं का नको?"

"तिने स्वतःचा काढून दिला. इथे चालत नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटेल."

"आणि घशाचं?"

"उगाच तिकडे एकटी काळजी करत बसेल."

तेच शब्द, धाकटे. आईच्या वेळचेच, काना-मात्रेचा फरक नाही. मी म्हटलं, "बाबा, मागच्या वेळी हेच केलंत आणि पोरगी घालवून बसलात." ते उठून लिफ्टचा आवाज ऐकत उभे राहिले. तिसऱ्या मजल्याचं दार नीट बसत नाही, असं खुणेने सांगितलं आणि पाना घेऊन वर गेले.

तर मी सांगतेय. ताईमार्फत नको होतं तुला, पण आत्ता ताईच आहे. कुरिअरवाला म्हणतो, शनिवारपर्यंत पोचेल. पोचलं तर रविवारी नेहमीच्या वेळेला लाव. मी त्यांना बाहेर रस्त्यावर आणून बसवते.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र वेळेत पोचणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितेय. बोलायला घरात सध्या कुणी नाही, तुझे दाजी कामाच्या दौऱ्यावर आणि बाबांनी बोलणं बंद केलंय. रागाने नाही. आवाज वाचवतायत. मी म्हटलं, आयुष्यभर काय कमी वाचवलात? त्यावर हसले. आवाज न काढता हसले.

तुझ्या फोनबद्दल तहाची बोलणी झाली. मी म्हटलं, सिम माझ्या फोनमध्ये घालू, तो घरातही वाजतो. मान हलवली, नाही. नवीन घेऊ, साधा, मोठ्या बटणांचा. नाही. मग काय करायचं? त्यांनी घडीची खुर्ची दाखवली, बोटाने वर रस्ता दाखवला. तिच्याच फोनवर, पण बाहेर. एवढ्यावर मिटलं. फोनचा मान राखला गेला, माझा गेला.

कालपासून सराव म्हणून दुपारी फाटकाशी खुर्ची टाकून बसतायत, मांडीवर फडकं, फडक्यावर फोन. इमारतीतली माणसं त्यांना बाहेर बघतात आणि एकच प्रश्न विचारतात. चौथ्या मजल्यावरच्या बाई भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या. "अगं बाई, लिफ्ट बिघडली का हो?" बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना वाटलं, नाही चालत. बिचाऱ्या चार मजले जिने चढून गेल्या. त्यांच्यामागून आलेले वरचे शिक्षकही जिन्यानेच गेले. लिफ्ट आपली खाली रिकामी उभी. मी आले तेव्हा बाबा अगदी लहान तोंड करून बसले होते. मी एक पुठ्ठा घेतला, त्यावर 'लिफ्ट चालू आहे' लिहिलं आणि खुर्चीला टांगला.

तू शेवटचा त्यांचा आवाज ऐकलास त्याला दीड वर्ष होईल. तो आता तसा राहिलेला नाही. लाकडावर कानस घासावी तसा झालाय. मी रोज ऐकते म्हणून मला सवय आहे. तुला सांगून ठेवायला हवं होतं, मागच्या पत्रात राहिलं.

कुरिअर कुठे आहे ते मी दिवसातून चार वेळा बघते. कालपासून ते तुझ्या देशातल्या कसल्यातरी गोदामात पडून आहे.

ताई


२२ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

तिकडून जे झालं ते तुला माहीत आहे. इकडून काय झालं ते मी सांगते, कारण त्यातला पहिला भाग तुला गैरसमज होईल असाच आहे.

कुरिअर आज सकाळीही गोदामातच होतं. म्हणजे तुला काही कळलेलं नाही, हे मला माहीत होतं. बाबांना मात्र मी पत्राचं सांगितलेलं नव्हतं. आज सांगितलं. म्हटलं, "मी तिला सगळं लिहिलं. पण ते पोचलेलं नाही. ती आज नेहमीसारखी लावेल, आणि तिला वाटेल नेहमीसारखा लागणार नाही. आता सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा." रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दाढी केली.

तीनपासून फाटकाशी बसलो. ते खुर्चीवर, मी पायरीवर. फोनवर दोन काड्या होत्या. चार वाजले आणि फोन वाजला.

तो फोन त्यांच्याकडे आल्यापासून कधी वाजलाच नव्हता, धाकटे. वाजल्यावर उचलायचा कसा, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं. मी सिम बदललं, बॅटरी बदलली, काच लावली, आणि हे दाखवायचं राहिलं. ते एकदम उभे राहिले, अंगठ्याने स्क्रीन दाबली, सरकवली, आणि फोन कापला गेला. मी पायरीवरून उठेपर्यंत सगळं संपलं होतं.

दीड वर्ष तुला बंद लागणारा फोन आज वाजला आणि समोरच्याने तो कापला. तुला काय वाटलं असेल, हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की मी त्यांच्यावर ओरडले. "काय केलंत हे!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाबा फोन उलटा-सुलटा करून बघत होते, जणू आत कुठेतरी तू अडकली आहेस. मी तुझा नंबर परत लावला. 'या क्रमांकावरून परदेशी फोन करण्याची सुविधा उपलब्ध नाही.' माझ्या फोनवरून लावला, तू ब्लॉक केलेला. मी मोबाईलवाल्याकडे पळत सुटले, परदेशाचा रिचार्ज मारायला. रविवार, शटर खाली. तिथून परत पळत आले.

येताना लांबूनच ऐकू आलं, फोन पुन्हा वाजत होता.

बाबा तो हातात धरून उभे होते आणि बोट लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या बाई शेजारी उभ्या होत्या. "अहो, उजवीकडे! हिरव्याकडे! सरकवा, सरकवा!" त्यांनीच बाबांचं बोट धरून सरकवलं. तुला फोन लागला तो त्यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

पहिला कापल्यावर तू दुसऱ्यांदा का लावलास, ते मला कधीतरी सांग. मी तुझ्या जागी असते तर नसता लावला.

मग मी ऐकत उभी राहिले. तुझं काही ऐकू येत नव्हतं, तुझं मी मागतही नाही. त्यांचं लिहून ठेवते.

"धाकटे." मग, "हो. मीच. आवाज असाच आहे आता." मग, "नाही. कधीच बंद नव्हता केला. कधीच नाही." मग म्हणाले, "फोन चांगला आहे तुझा. त्याचा काही दोष नाही. घर खाली आहे." हे दोनदा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता फोन माझ्या हातात देतील, तू सांग म्हणतील. मी हात पुढे केलासुद्धा. त्यांनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ऐक. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. घशाचं. त्यानंतर मला बोलता येणार नाही." थांबले. श्वास घेतला. "तुला आधी सांगतोय. आईसारखं नंतर नाही."

एवढं सलग बोललेलं मी त्यांच्याकडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. वाचवलेला आवाज सगळा तिथेच खर्च केला. मग ते फक्त ऐकत होते, तूच बोलत असशील, ते नुसतं हं, हं करत होते, आणि शेवटी तेही नीट निघेना. चौथ्या मजल्यावरच्या बाई केव्हाच वर गेल्या होत्या. लिफ्टने.

त्यांना खाली आणलं, गरम पाणी दिलं. फळीवर फोन ठेवताना त्यांनी तो फडक्याशिवाय ठेवला. रडले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. दोनदा पुसला.

उद्या दाखल करायचं आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

शस्त्रक्रिया नीट झाली. सहा तास लागले. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं. परवा जागे झाले तेव्हा त्यांनी आधी ओठ हलवले, काही आलं नाही, मग गळ्यापाशी हात नेला, नळी चाचपली, आणि हात खाली ठेवला. एवढंच. लिफ्टची तार तुटली तरी ते असेच उभे राहायचे, आधी बघायचे, मग पाना शोधायचे.

काल तुला मेसेज पाठवून बघितला, 'ठीक आहेत' एवढाच. पूर्वी एक खूण यायची, काल दोन उमटल्या. तू ब्लॉक काढलास. म्हणजे आता पत्राचं काही काम उरलं नाही. तरी लिहितेय. मेसेजमध्ये मला असं लिहिता येत नाही, आणि तुझं उत्तर लगेच आलेलं बघायची छातीही नाही. हळूहळू येऊ दे.

तुला पाठवलेलं कुरिअर मंगळवारी पोचलं म्हणे, ऑपरेशनच्या दिवशी. त्यात मी बाबांच्या आधी सांगितलेलं सगळं आहे. ते फाडून टाक. तुला त्यांनी सांगितलं, तेच खरं.

तिकीट मिळत असेल तर ये. नसेल मिळत तर ओढाताण करून घेऊ नकोस, ते पंधरा दिवसांनी घरी येतील आणि पळून कुठे जाणार नाहीत. घरी आल्यावर नवीन फोनचं बघू. तो विषय मी आत्ता काढत नाही. भांडायला त्यांच्याकडे सध्या फक्त पाटी आहे, आणि पाटीवर ते माझ्यापेक्षा जोरात भांडतात. काल 'नर्स चांगली आहे, तू घरी जा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

इथे वॉर्डात मधल्या खाटेवर तुझा फोन पकडत नाही. मी कारकुनापासून मुख्य नर्सपर्यंत सगळ्यांच्या पाया पडून खिडकीजवळची खाट मिळवली. तिथे तीन काड्या येतात. आज दिवसभर मी खाली रस्त्यावर जाऊन माझ्या फोनवरून त्यांना लावत होते, सराव म्हणून. पहिले दोन कापले. मग जमलं. आता वाजला की उजवीकडे सरकवतात, कानाला लावतात, आणि मी खालून काहीतरी बडबडते, भाजी काय आणली, लॅबमध्ये कुणाच्या कवळीचा रंग चुकला. ते ऐकतात. शेवटी फोनच्या पाठीवर बोटाने टकटक करतात, म्हणजे झालं, ठेव.

रविवारी तुझ्या वेळेला लाव. ते बोलणार नाहीत. पण उचलतील.

ताई